आल्फ्रेडचं वेसेक्स, 871 ते 880: तीन राज्यं बुडाली, चौथं कसं तरलं?

प्रश्न थोडक्यात असा: नवव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये डेन लोकांच्या (व्हायकिंगांच्या) 'मोठ्या सैन्याने' नॉर्थम्ब्रिया, ईस्ट अँग्लिया आणि मर्सिया ही इंग्रजांची तीन राज्यं दहा-बारा वर्षांत गिळली, मग आल्फ्रेड राजाचं वेसेक्सच कसं वाचलं? 878 ची एडिंग्टनची लढाई एवढं उत्तर पुरेसं आहे का? आणि राजाने भाकरी करपवल्याची गोष्ट खरी का?

शेवटच्याचं आधी उरकतो. लपून बसलेल्या आल्फ्रेडने डुकरं राखणाऱ्याच्या घरी चुलीवरच्या भाकरी करपवल्या आणि त्याच्या बायकोच्या शिव्या खाल्ल्या, ही कथा प्रथम भेटते ती संत निओटच्या चरित्रात, म्हणजे घटनेनंतर शंभरेक वर्षांनी. आल्फ्रेडचा समकालीन चरित्रकार ॲसर याच्या ग्रंथात ती नव्हती. 1574 च्या छापील आवृत्तीत संपादक मॅथ्यू पार्करने ती घुसडली आणि पुढे पिढ्यानपिढ्या लोक ती ॲसरची म्हणून वाचत राहिले. त्यात ॲसरचं एकमेव जुनं हस्तलिखित 1731 च्या आगीत जळालं, म्हणून पडताळायला मूळ प्रतही उरली नाही.

आता मुख्य मुद्दा. एडिंग्टन महत्त्वाचं आहेच. पण त्या एका लढाईवर सगळं टांगलं की आधीची सात वर्षं निरर्थक होतात. या दशकाचा निकाल मैदानापेक्षा कोठाराने लावला. कोणाकडे धान्य, कोणाचं संपलं, कोण घरी परतलं आणि कोण बसून राहिलं, हे विचारत वाचलं की घटना आपोआप जुळतात.

साधनांबद्दल एक सावधगिरी. अँग्लो-सॅक्सन इतिवृत्त 890 च्या सुमारास आल्फ्रेडच्याच वर्तुळात संकलित झालं आणि ॲसरने 893 मध्ये त्याच्यावरच भिस्त ठेवून लिहिलं. म्हणजे कागद जिंकलेल्या बाजूचा आहे. शिवाय या भागातलं वर्ष शरदात सुरू होतं असं धरावं लागतं. ईस्ट अँग्लियाचा राजा एडमंड इतिवृत्तात 870 खाली मरतो, प्रत्यक्षात ती तारीख 20 नोव्हेंबर 869. तसंच सैन्याचं रेडिंगला येणं 871 खाली नोंदलंय, ते खरं 870 च्या अखेरीचं. वेगवेगळ्या पुस्तकांत एक वर्षाचा फरक दिसला की बहुतेक वेळा कारण हेच असतं.

डेनांची पद्धत आधी समजून घ्या, कारण ती दरवेळी जवळपास तीच आहे. 865 मध्ये ईस्ट अँग्लियात उतरल्यावर त्यांनी पहिली गोष्ट मिळवली ती घोडे. मग शरद सरता सरता, सुगीचं धान्य राजाच्या वाड्यात जमा झालं की नदीकाठची अशी एखादी जागा अचानक ताब्यात घ्यायची. इंग्रज राजांचा महसूल तेव्हा बराचसा धान्य, गुरं, मध, बिअर असा वस्तुरूपाने राजवाड्यांवर जमा होत असे. म्हणजे राजवाडा घेतला की हिवाळ्याची बेगमी आयतीच. मग चर आणि मातीचा तट घालायचा, नदी पाठीशी ठेवायची म्हणजे जहाजांनी कुमक येते, आणि घोडेस्वार टोळ्या आसपासच्या मुलखात सोडायच्या. आपल्याकडे फौजेची छावणी पावसाळ्यात पडे, यांची हिवाळ्यात. राजाने वेढा घातला तर बाहेर यायचं नाही. शेवटी तो कंटाळून खंडणीला तयार होतो, आणि खंडणी घेऊन सैन्य पुढच्या वर्षी दुसऱ्या राज्यात जातं. एखादं राज्य अगदीच लुळं पडलं की तिथला राजा बदलून आपला माणूस बसवायचा.

यावर वेढा हा उपाय सुचतो खरा, पण इंग्रजांच्या फौजेची अडचण तिथेच होती. 'फिर्ड' म्हणजे परगण्यातून उभी राहणारी फौज. ती आपापली शिदोरी घेऊन येई आणि ठराविक मुदतीने घरी जाई. 868 मध्ये नॉटिंगहॅमला हेच झालं: मर्सियाच्या बर्ग्रेडने बोलावलं म्हणून वेसेक्सचा राजा एथेलरेड आणि त्याचा धाकटा भाऊ आल्फ्रेड फौज घेऊन गेले, डेन तटाआड बसून राहिले, मोठी लढाई झालीच नाही आणि मर्सियाने तह केला. बाहेर बसलेल्यांची शिदोरी आत बसलेल्यांच्या कोठाराआधी संपते. हा दोष इतका मुरलेला होता की 893 मध्ये, फौजेच्या दोन पाळ्या करूनही, वेढा देणाऱ्या पाळीची मुदत भरली, अन्न संपलं, आणि बदली पाळी वाटेत असतानाच ते उठून घरी निघाले.

सैन्य होतं तरी किती? 'मोठं सैन्य' यातल्या सैन्यासाठी जुन्या इंग्रजीत असलेला 'हेरे' हा शब्द फसवा आहे. वेसेक्सच्याच राजा इनीच्या जुन्या कायद्यात सातपर्यंत माणसं म्हणजे चोर, सात ते पस्तीस म्हणजे टोळी, आणि त्यावर सगळं 'हेरे'. याच आधारावर 1960 च्या दशकात काही अभ्यासकांनी हा आकडा काही शेकड्यांवर आणला होता. आता ते पटत नाही. 872-73 ची त्यांची हिवाळी छावणी लिंकनशायरमध्ये टॉर्क्सीला ट्रेंट नदीकाठी सापडली, ती सुमारे 55 हेक्टरांवर पसरलेली आहे. तिथे अरबी दिऱ्हमांचे (चांदीच्या नाण्यांचे) तुकडे, तोडलेली चांदी, वजनं, शिशाच्या सोंगट्या असा माल मिळाला. म्हणजे छावणीत बाजार होता, कारागीर होते, वेळ घालवायला पट होते. हजारांतलाच जमाव असणार. पुढच्या वर्षीच्या छावणीच्या जागी, रेप्टनला, मात्र संत विस्टनचं चर्च तटात दरवाज्यासारखं गुंफून केलेली जी गढी उकरली गेली ती अर्ध्या हेक्टरहूनही लहान आहे. तेवढ्यात टॉर्क्सीचं सैन्य मावणार नाही. ती आतली गढी असावी आणि बाकीचे लोक आसपास. रेप्टनला किमान 264 माणसांच्या हाडांचा ढीगही सापडला. त्याची रेडिओकार्बन वर्षं आधी विसंगत वाटत होती, पण मासे खाणाऱ्यांच्या हाडांत कार्बन 'जुना' दिसतो ही दुरुस्ती केल्यावर ती 873-74 शी जुळतात.

आता 871. डेन रेडिंगला आले आणि तिसऱ्या दिवशी त्यांच्या दोन सरदारांनी शिधा गोळा करायला स्वारी काढली, बाकीच्यांनी थेम्स आणि केनेट या नद्यांच्या मध्ये तट घालायला घेतला. बर्कशायरचा एल्डरमन (परगण्याचा सुभेदार म्हणा) एथेलवुल्फ याने त्या स्वारीला इंगलफील्डला गाठून झोडपलं. उघड्यावर सापडलेली शिध्याची टोळी हेच डेनांचं दुबळं अंग होतं, हे लक्षात ठेवा. चार दिवसांनी राजा आणि आल्फ्रेड आले आणि त्यांनी नेमकं उलट केलं: थेट छावणीच्या दरवाज्यावर धडकले. आतून डेन लांडग्यांसारखे तुटून पडले, एथेलवुल्फ मारला गेला, इंग्रज पळाले.

आणखी चार दिवसांनी ॲशडाउन. डेनांनी दोन तुकड्या केल्या, एकीत बाग्सेग आणि हाफडान हे राजे, दुसरीत यार्ल (डेन सरदार). एथेलरेड तंबूत प्रार्थनेला बसला होता आणि ती संपल्याशिवाय उठायला तयार नव्हता. आल्फ्रेडने वाट न पाहता चढावर चाल केली, ॲसरच्या शब्दांत रानडुकरासारखी. एका खुरट्या काटेरी झाडाभोवती गर्दी झाली, आणि ते झाड आपण स्वतः पाहिलंय असं ॲसर मुद्दाम सांगतो. बाग्सेग आणि पाच यार्ल पडले. विजय मोठा होता, पण डेन पळून पुन्हा रेडिंगच्या तटाआड गेले आणि हिशोब जिथे होता तिथेच राहिला. चौदा दिवसांत बेसिंगला वेसेक्स हरलं. दोन महिन्यांनी मेरेटुनला हरलं, तिथे शेरबोर्नचा बिशपही पडला. त्याच सुमारास डेनांना एक ताजं 'उन्हाळी सैन्य' येऊन मिळालं, आणि ईस्टरनंतर (त्या वर्षी ईस्टर 15 एप्रिलला होता) एथेलरेड वारला. त्याचे मुलगे लहान होते म्हणून गादी आल्फ्रेडला, वय बावीसच्या आत-बाहेर. महिनाभरात विल्टनला तो थोड्या माणसांनिशी लढला. डेन मागे हटले, इंग्रज पाठलागात विस्कळीत झाले, डेन उलटले आणि मैदान त्यांचं झालं. थेम्सच्या दक्षिणेला त्या वर्षी नऊ मोठ्या लढाया झाल्या असं इतिवृत्त म्हणतं. त्यानंतर तह.

इतिवृत्त फक्त 'शांतता केली' म्हणतं, पैशाचा उल्लेख टाळतं. शांतता फुकट मिळत नसे. पुढच्या वर्षी डेन लंडनला होते तेव्हा मर्सियाने तसाच तह केला, आणि 872 च्या एका दस्तात वूस्टरचा बिशप वेर्फर्थ स्वच्छ लिहितो की रानटी लोकांच्या प्रचंड खंडणीपायी चर्चची जमीन पट्ट्याने द्यावी लागतेय. वेसेक्समधला पुरावा नाण्यांत आहे. या काळातली चांदीची पेनी हातात घेतली तर ती चांदीची वाटतच नाही, तांबूस-काळपट दिसते. तिच्यातली चांदी पाचव्या हिश्श्याच्याही खाली गेली होती. खंडणी चांगल्या चांदीत जाते, मागे भेसळ उरते. साधारण 875 च्या सुमारास आल्फ्रेडने नवी, वजनदार, पुन्हा जवळपास शुद्ध चांदीची पेनी काढली. लोकांकडून जुनी हलकी नाणी घेऊन नवी द्यायची म्हणजे मोठं धाडस, आणि ते त्याने दोन स्वाऱ्यांच्या मधल्या उसंतीत केलं. माझ्या मते या दशकातली ही सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट आहे.

उसंत मिळाली कशी? इथे आल्फ्रेडचं कर्तृत्व थोडं आणि डेनांचा निर्णय जास्त. 873-74 च्या हिवाळ्यात रेप्टन घेऊन त्यांनी बर्ग्रेडला बावीस वर्षांच्या राज्यानंतर हाकललं. तो रोमला गेला आणि तिथेच मेला. गादीवर चेओलवुल्फ बसला. मग 874 च्या अखेरीस सैन्य दुभंगलं. हाफडान आपले लोक घेऊन उत्तरेला टाइन नदीकडे गेला आणि 876 मध्ये त्यांनी नॉर्थम्ब्रियाची जमीन वाटून घेतली. इतिवृत्त म्हणतं, ते नांगरू लागले आणि स्वतःचं पोट भरू लागले. गुथ्रम, ओस्किटेल आणि अनुंड उरलेल्यांना घेऊन केंब्रिजला वर्षभर बसले. म्हणजे 871 मध्ये वेसेक्सवर आलेलं सैन्य आणि 876 मध्ये आलेलं सैन्य एकच नाही. दुसऱ्या वेळी मोठा लचका आधीच शेतीला लागला होता. एडिंग्टनचं गणित मांडताना ही वजाबाकी बहुतेक लोक विसरतात.

चेओलवुल्फबद्दल एक टीप. इतिवृत्त त्याला 'राजाचा एक मूर्ख सेवक' म्हणून उडवून लावतं, म्हणजे डेनांचं बाहुलं. पण 2015 मध्ये ऑक्सफर्डशायरमध्ये वॉटलिंग्टनजवळ एक ठेवा सापडला: सुमारे 200 नाणी, चांदीच्या कांबी, थोडे दागिने, पुरल्याचा काळ एडिंग्टननंतर लगेचचा. त्यात आल्फ्रेड आणि चेओलवुल्फ या दोघांच्याही नावाची, एकाच छापाची नाणी आहेत. एका छापावर दोन सम्राट शेजारी शेजारी बसलेत आणि वर पंख पसरलेली विजयदेवता. रोमन सोन्याच्या नाण्यावरून उचललेलं चित्र. मूर्ख बाहुल्याबरोबर कोणी सामाईक नाणं पाडत नाही. 880 च्या आसपास चेओलवुल्फ नाहीसा झाला आणि मर्सियाच्या पश्चिम भागावर आल्फ्रेडचा वरचष्मा आला, मग त्याला मोठं ठेवण्यात कोणाला रस होता?

वेसेक्सवरची दुसरी स्वारी, म्हणजे गुथ्रमची, 876 मध्ये वेअरहॅमपासून सुरू होते. केंब्रिजहून निघून, वेसेक्सच्या फौजेला चकवून तो थेट दक्षिण किनाऱ्यावर पोचला. जागा नेहमीचीच: फ्रोम आणि पिडल या नद्यांच्या मधली, पाठीशी पूल नावाच्या बंदराचं पाणी. आल्फ्रेडने वेढा दिला, ओलीस घेतले, आणि डेनांनी आपल्या पवित्र कंकणावर हात ठेवून शपथ घेतली, जी त्यांनी आधी कुठल्याच लोकांपुढे घेतली नव्हती. मग एका रात्री त्यांचे घोडेस्वार निसटून एक्सेटरला गेले. आल्फ्रेड मागे धावला, गाठू शकला नाही. 877 मध्ये पश्चिमेकडे निघालेल्या त्यांच्या आरमाराला स्वॉनेजजवळ वादळाने गाठलं, 120 जहाजं बुडाली असं इतिवृत्त म्हणतं. आकडा फुगवला असेल, पण परिणाम उघड आहे: एक्सेटरला कुमक पोचली नाही, गुथ्रमने ओलीस दिले आणि सुगीच्या दिवसांत मर्सियात परतला. तिथे जमिनीची आणखी एक वाटणी झाली, आणखी काही माणसं शेतीला लागली.

आणि मग तिसरा घाव. 878 च्या जानेवारीत, नाताळच्या बारा दिवसांचा सण संपतो न संपतो तोच गुथ्रम चिपनमला घुसला. फिर्ड घरी, दिवस लहान, रस्ते चिखलाचे, आणि चिपनम हा राजाचा वाडा, म्हणजे कोठार भरलेलं. पुष्कळ लोक समुद्रापार पळाले, बरेच शरण गेले. विल्टशायरचा एल्डरमन वुल्फहेर याने शपथ मोडून राजाला आणि देशाला सोडलं म्हणून त्याच्या जमिनी जप्त झाल्या, असं 901 च्या एका दस्तात येतं. साल दिलेलं नाही, पण प्रसंग बहुतेक हाच. बाकीच्या राज्यांत जे घडलं ते इथेही घडू लागलं होतं. फरक एकच: एडमंड मारला गेला, बर्ग्रेड देश सोडून गेला, आल्फ्रेड मात्र ना सापडला ना गेला. सॉमरसेटच्या दलदलीत थोड्या माणसांनिशी तो फिरत राहिला. राजा जिवंत आणि राज्यात, म्हणजे दुसरा राजा बसवून वैधता मिळवायचा डेनांचा नेहमीचा डाव चालत नव्हता.

त्याच हिवाळ्यात डेव्हनच्या किनाऱ्यावर 23 जहाजांनिशी हाफडानचा भाऊ उतरला. कायन्विट नावाच्या गढीत इंग्रज अडकले होते. ॲसर म्हणतो, गढीत पाणी नव्हतं आणि तट कच्चा, पण पूर्वेची बाजू सोडली तर जागा अवघड. डेनांना वाटलं, तहानेने शरण येतील. आतल्यांनी तहान लागायच्या आधीच पहाटे बाहेर पडून घाव घातला. तो सरदार आणि 840 माणसं पडली, कावळ्याचं निशाण हाती आलं. गुथ्रमला पश्चिमेकडून मिळू शकणारी मदत तिथे संपली.

ईस्टरला, 23 मार्चला, आल्फ्रेडने ॲथेल्नीला गढी बांधली. चहूकडे पाणी आणि लव्हाळं, आत चढउताराची चिमूटभर कोरडी जमीन. तिथून त्याने छापे सुरू केले, म्हणजे आता शिधा गोळा करणारी डेनांची टोळी असुरक्षित झाली. इंगलफील्डचा धडा, पण रोजच्या रोज. ईस्टरनंतरच्या सातव्या आठवड्यात, मेच्या पहिल्या पंधरवड्यात, तो एग्बर्टच्या दगडाशी पोचला. सगळा सॉमरसेट, विल्टशायर आणि 'समुद्राच्या या बाजूचा' हॅम्पशायर तिथे जमला. शेवटच्या शब्दांवरून वाद आहे, पळून गेले नव्हते ते, की साउदम्प्टनच्या खाडीच्या अलीकडचे. मला लक्षणीय वाटतं ते विल्टशायर: एल्डरमन फितूर होऊनही माणसं आली. दुसऱ्या दिवशी आयलीला मुक्काम, तिसऱ्या दिवशी एडिंग्टन. तीन दिवसांत जमवाजमव आणि लढाई, म्हणजे शिदोरी संपायच्या आत.

लढाईचं वर्णन दोन ओळींचं आहे, ढालींची भिंत आणि बराच वेळ झुंज. खरी गंमत पुढे. डेन पळून गढीत गेले, बहुतेक चिपनमलाच. इथे 871 चा रेडिंगचा प्रसंग पुन्हा समोर आला, पण या वेळी आल्फ्रेड दरवाज्यावर धडकला नाही. गढीबाहेर सापडलेली माणसं कापली, घोडे आणि गुरं सगळी ताब्यात घेतली आणि दारासमोर तळ ठोकून चौदा रात्री बसला. जानेवारीत भरलेलं कोठार मेमध्ये तळाला लागलेलं असणार, नवं पीक अजून शेतात, आणि बाहेरची गुरं आता फिर्डच्या पोटात. या वेळी आतल्यांचं आधी संपलं. भूक, थंडी आणि भीती यांनी ते शरण आले असं ॲसर लिहितो, आणि तहात आल्फ्रेडने हवे तितके ओलीस घेतले, स्वतः एकही दिला नाही, हेही नोंदवतो.

तीन आठवड्यांनी गुथ्रम तीस प्रमुख माणसांसह ॲथेल्नीजवळ ॲलरला आला. बाप्तिस्मा झाला, आल्फ्रेड धर्मपिता, नवं नाव एथेलस्टन. आठव्या दिवशी वेडमोरला बाप्तिस्म्याच्या वेळी बांधलेली कपाळावरची पट्टी सोडण्याचा विधी, बारा रात्री पाहुणचार, भेटी. शपथ वेअरहॅमलाही झाली होती आणि मोडली होती. फरक असा की त्यांच्या देवांची शपथ आल्फ्रेडने आधी वापरून पाहिली होती, आता नातं लावलं. तरीही गुथ्रम लगेच गेला नाही. शरदात तो सिरेन्सेस्टरला सरकला आणि वर्षभर तिथेच होता. तेवढ्यात थेम्सकाठी फुलहॅमला समुद्रापलीकडून आलेली एक नवी टोळी बसली होती. दोघं एकत्र आले असते तर एडिंग्टन आज कोणाला आठवलंही नसतं. पण फुलहॅमवाले घेंटकडे निघून गेले आणि गुथ्रमने ईस्ट अँग्लियात जाऊन जमीन वाटली.

परीक्षेच्या उत्तरांतही दिसणारी एक चूक: आल्फ्रेड-गुथ्रम तहाचा जो मजकूर आज उपलब्ध आहे (थेम्स, मग ली नदी तिच्या उगमापर्यंत, सरळ बेडफर्ड, मग ऊझ नदीवरून वॉटलिंग स्ट्रीट हा जुना रोमन रस्ता अशी हद्द, आणि समान दर्जाच्या इंग्रज-डेनांना समान खूनभरपाई) तो वेडमोरचा तह नव्हे. तो नंतरचा आहे. 878 मध्ये अशी रेघ ओढायला आल्फ्रेडच्या हातात लंडनच्या बाजूचा मुलूख कितपत होता, याचाच विचार करा.

गुथ्रमने ईस्ट अँग्लियात नाणी पाडली ती एथेलस्टन या बाप्तिस्म्याच्या नावाने, आल्फ्रेडच्या नाण्यांच्या धर्तीवर. 890 मध्ये तो वारला, तेव्हा त्याला पूर्वी 'हेरे'चा म्होरक्या म्हणणाऱ्या त्याच इतिवृत्ताने नोंद केली ती आल्फ्रेड राजाचा धर्मपुत्र म्हणून.